जत्रेत सापडलेली बिलं

ती पेटी मी डोळ्यांनी कधी पाहिली नाही, पण तिचं प्रकरण इतक्या वर्षांत मनातून गेलेलं नाही. मी पोलीस ठाण्यात झाडलोट आणि चहापाणी करायचे. निवृत्त झाले तेव्हा हार घातला, नारळ दिला, आणि तेव्हाचे नवे फौजदार म्हणाले, "मावशी, तुम्ही इथं आमच्यापेक्षा जास्त केसेस बघितल्यात." खून पाहिले, दरोडे पाहिले, पळून गेलेल्या मुली आणि त्यांचे बाप पाहिले. त्यातलं मला लिहावंसं वाटतं ते एवढंच एक. कुणाचं नाव घालत नाही. ती माणसं आजही इथंच राहतात.

आटगावच्या बाजूला हमरस्त्याला लागून एक बिल्डिंग मटेरियलचं दुकान होतं. सिमेंट, सळ्या, पत्रे, पाण्याच्या टाक्या असं सगळं. मुंबईची माणसं आमच्याकडे फार्महाऊस बांधू लागली, तेव्हापासून ते बरं चाललं होतं. पुढे दुकान, मागे घर. दुकानाचा मालक त्याच्या वर्षभर आधी आजारानं गेला होता. त्याच्या बायकोनं सुतक संपल्यावर शटर उघडलं आणि धंदा चालू ठेवला. घरी ती आणि तिची म्हातारी सासू, एवढीच माणसं.

ती ताई पौष महिन्यात एका सकाळी ठाण्यात आली. मी पायऱ्या पुसत होते. पाय ओल्या फरशीवर पडू नये म्हणून ती कडेकडेनं चढली, ते मला आठवतं. ठाणे अंमलदारांसमोर उभी राहून म्हणाली, "माझी पेटी चोरीला गेलीय."

"काय होतं पेटीत? दागिने?"

"नाय. बिलं."

अंमलदार हसले. "बिलं कोण चोरतं हो ताई?"

तिनं पदराच्या आतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. जीएसटीची नोटीस होती. दुकानाच्या मागच्या वर्षांच्या हिशेबात आणि भरलेल्या करात मेळ बसत नाही, तरी खरेदीची बिलं, विक्रीची बिलं, गाडीभाड्याच्या पावत्या असं सगळं घेऊन समक्ष हजर राहावं, असं त्यात होतं. सगळे कागद लोखंडी पेटीत होते. पेटी घराच्या मागच्या खोलीत होती. आता खोलीत पेटीच नव्हती. तारीख पंधरवड्यावर आली होती. कागद दाखवता आले नाहीत, तर कर आणि वर दंड असा आकडा लागणार होता की दुकान विकूनही तो फिटला नसता. तिच्या कर सल्लागारानं तिला तसं स्पष्ट सांगितलं होतं.

आता अंमलदार हसले नाहीत. त्यांनी तिला आत साहेबांकडे नेलं.

साहेब म्हणजे आमचे फौजदार. घाटावरचे होते, बोलणं कमी. त्यांची एक पद्धत होती. वस्तू कुणी चोरली असेल हे ते आधी विचारत नसत. ती वस्तू कुणाच्या उपयोगाची, हे विचारत.

"या कागदांचा उपयोग कुणाला?"

"मला," ती म्हणाली.

"तुमच्याशिवाय?"

तिनं नोटिशीची घडी घातली. मग म्हणाली, "दिवाणजीला."

दुकानाचा हिशेब लिहायला एक दिवाणजी होता, आसनगावचा. नवऱ्याच्या काळापासूनचा माणूस. पगार वाढवण्यावरून दोन महिन्यांपूर्वी त्याचं आणि ताईचं वाजलं आणि तो काम सोडून गेला. जाताना दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना बोलून गेला, "माझ्याशिवाय तुमचा हिशेब उभा राहतो का, बघतोच." हे वाक्य त्या चारही गिऱ्हाइकांनी जबाबात सांगितलं. पोलिसांना आणखी काय हवं असतं?

दिवाणजीला बोलावणं गेलं. पन्नाशीचा माणूस, खिशाला दोन पेनं, शर्ट पँटमध्ये खोचलेला. तो रोज यायचा, बसायचा आणि जबाब द्यायचा. त्याची बायको बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायची. मी तिला पाणी दिलं तेव्हा म्हणाली, "आमचा माणूस दुकानातली पेन्सिल चुकून खिशात आली तरी दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवतो गो. तो पेटी नेईल?" ठाण्यात सगळ्यांच्याच बायका असं सांगतात. पण तिनं त्या बाकावर बसून डब्याचं झाकण एकदाही उघडलं नाही, हे मी पाहिलं होतं.

आत साहेब विचारत होते. मी चहा घेऊन गेले.

"तुम्ही धमकी दिली होती ना?"

"दिली. तोंडातून गेली. पण साहेब, त्या पेटीत अक्षरन् अक्षर माझं हाय. ती गेली तर मी बारा वर्षं काय काम केलं, त्याला पुरावा काय?"

"मग कुणी नेली?"

"मला काय ठाऊक? मी त्यात डांबराच्या गोळ्या टाकत होतो, वाळवी लागू नये म्हणून. दिवाळीला बदलायच्या होत्या. ताईंनी बदलल्या का, तेवढं विचारा."

साहेबांनी कप खाली ठेवला. तो गेल्यावर हवालदारांना म्हणाले, "चोर डांबराच्या गोळ्यांची काळजी करत नाही." तरी त्यांनी त्याला मोकळं सोडलं नाही. दुसरं नाव समोर नव्हतं. वरून विचारणा होत होती. गुन्हा दाखल करायचा तर आरोपी म्हणून त्याचंच नाव पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात म्हसा इथली जत्रा सुरू झाली. जत्रा म्हटली की आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांतून बंदोबस्ताला माणसं जातात. गर्दी, बैलबाजार, पाकीटमार, हरवलेली पोरं, सगळंच असतं. आमच्या ठाण्यातल्या महिला शिपाई झाडून साऱ्या तिकडे गेल्या. आमचे एक जाडजूड हवालदारही गेले. माणूस मुरबाडकडचाच, आणि खाण्याचा भारी शौकीन.

दुपारी त्यांचा फोन आला. साहेबांनी स्पीकर लावला होता. मी खिडक्या पुसत होते, त्यामुळे ऐकू आलं.

"साहेब, ती बिलं सापडली."

"कुठं?"

"माझ्या हातात हायेत. पण जरा तेल लागलंय."

"तेल?"

"भजी घेतली होती, साहेब. कांदाभजी. खाता खाता कागदावर नाव वाचलं. त्याच दुकानाचं बिल हाय. पत्र्याचं. खाली दिवाणजीची सही."

"बाकीचे कागद?"

"भजीवाल्याकडं गठ्ठाच हाय. पण तो देईना. म्हणतो, मी पैसे मोजून रद्दी घेतली, मग भजी कशात देऊ?"

"पत्रावळीत दे म्हणावं. आणि हवालदार, तिथं कुणी ग्राहक हातात कागद घेऊन उभा असेल, तर त्याला आधी खाऊ द्या. मग कागद घ्या."

त्या दिवशी जत्रेतल्या पोलिसांनी बंदोबस्तही केला आणि भज्यांचे कागदही गोळा केले. पाळण्यापाशी, घोंगड्यांच्या दुकानांपाशी, जिथं चुरगाळलेला कागद दिसेल तिथं वाकून उचलायचे. लोक म्हणायचे, पोलीस जत्रेत स्वच्छता मोहीम करतायत. भजीवाला मात्र चिडला होता. त्याला विचारलं, "रद्दी कुणाकडून घेतली, पावती आहे का?" तर म्हणाला, "सायेब, रद्दीला कोण पावती देतो का? तुमी तरी देता?" त्याच्या बोलण्यात चूक नव्हती. पण त्यानं माणूस दाखवला. टेम्पो घेऊन गावोगाव फिरणारा एक भंगारवाला होता, तोही जत्रेतच होता.

त्याला ठाण्यात आणलं. आला तोच हात जोडून. म्हणाला, आसनगावला रस्त्यावर एका माणसानं दिली, चेहरा आठवत नाही, अंधार होता. साहेब ऐकत होते. अशी उत्तरं ते रोज ऐकत.

"बरं. पेटी कुठंय?"

"विकली, सायेब. लोखंडात गेली."

"आणि रद्दी किती किलो भरली?"

त्यानं परत हात जोडले.

"मी रद्दी किती किलो भरली असं विचारतोय."

"...असंल, पंधरा-वीस."

"पंधरा की वीस?"

तो खाली बघू लागला. साहेब खुर्चीत मागे टेकले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "भंगारवाला किलो विसरत नाही. तू नाव विसरशील, गाव विसरशील, पण वजन विसरणार नाहीस. तू वजन केलंच नाहीस. का केलं नाहीस?"

आणि त्या माणसाचे डोळे भरून आले. मला वाटलं होतं तो आता खोटं बोलेल. पण तो म्हणाला, "म्हातारी करू देईना, सायेब. मी तराजू काढला तर हात धरला माझा. म्हणाली, 'तराजू लावू नको रे. त्याला माझ्या पोराचा हात लागलाय.' मी म्हटलं, आजी, मग पैसे किती देऊ? म्हणाली, 'पोराचे पैसे घ्यायचे व्हय?' फुकट दिलं तिनं. वर चहा पाजला. दुसऱ्या कुणाला कळलं तर माझ्यावरच चोरी लावतील, म्हणून मी खोटं बोललो. फुकट दिलेलं कोण मान्य करतो, सायेब?"

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मग साहेब उठले आणि माझ्याकडे वळले. "मावशी, हात धुवा. आपल्याला जायचंय."

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊनच घ्यायचा असतो आणि सोबत एक बाई लागते. महिला शिपाई सगळ्या जत्रेला. म्हणून मी जीपमध्ये मागे बसले. त्या दिवसाआधी मी सरकारी जीप फक्त बाहेरून धुतली होती.

आजी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पोलीस बघून त्या घाबरल्या नाहीत. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. पेटी चोरीला गेली, ताई ठाण्यात गेली, दिवाणजीला बोलावलं, हे सगळं सुनेनं त्यांच्यापासून लपवलं होतं. मुलाच्या दुःखातून म्हातारी अजून सावरली नाही, तिला कशाला आणखी घोर लावायचा, असं तिला वाटलं. म्हणून घरात दिवसभर असणाऱ्या त्या एकाच माणसाला पेटीबद्दल कुणीही विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

साहेब आजींसमोर जमिनीवरच बसले. त्यांनीही एक शेंग उचलून सोलली.

"आजी, तुम्ही भंगारवाल्याला पेटी दिली?"

"दिली."

ताई दुकानातून धावत आली होती. ती दारात उभी राहिली आणि तिथंच थिजली. "आई!"

"का दिली, आजी?" साहेबांनी विचारलं.

आजींनी शेंगा बाजूला ठेवल्या. "पोस्टमन येतो. दारात उभा राहून माझ्या पोराच्या नावानं हाका मारतो. पहिल्यांदा आला दिवाळीच्या आधी. मी म्हटलं, तो नाय हो आता. तो म्हणतो, सही तरी करा, यांना हजर राहायचंय. परत आला. परत तेच नाव. पेटीतल्या कागदांसाठी बोलावतात म्हणून ही फोनवर कुणाला तरी सांगत होती, ते मी ऐकलं. मला वाटलं, कागद घरात हायेत तोवर ते त्याला बोलवतच राहतील. कुठून हजर करू मी त्याला?"

ताईला रडू फुटलं. "आई, मला एका शब्दानं सांगायचं होतंत."

"तुला काय सांगू गो? तू रोज त्याचा फोन चार्जिंगला लावतेस."

मला तेव्हा ते कळलं नाही. नंतर कळलं. दुकानाची जीएसटीची नोंद अजून नवऱ्याच्याच नावावर होती. दर महिन्याचा हिशेब भरताना ओटीपी त्याच्या मोबाइलवर यायचा, म्हणून ताईनं तो फोन चालू ठेवला होता. बोर्डावर त्याचं नाव, बिलावर त्याचं नाव. साहेबांनी विचारलं, की ते बदललं का नाही. ताई म्हणाली, "त्यांचं नाव पुसायला हात धजावला नाय. नाव हाय तोवर दुकान त्यांचं हाय, असं वाटत होतं." आमच्याकडे हे असंच होतं. सातबारावर, वीज बिलावर, रेशनकार्डावर मेलेली माणसं वर्षानुवर्षं असतात. कुणाला फसवायचं नसतं. नाव काढणं म्हणजे माणसाला दुसऱ्यांदा स्मशानात पोहोचवणं, असं वाटतं.

साहेब आजींना म्हणाले, "आजी, सरकार तुमच्या मुलाला त्रास द्यायला बोलवत नाही. तो गेला, हे सरकारला माहीतच नाही. कुणी कळवलंच नाही."

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अख्खा गाव होता पोहोचवायला. आनी सरकारला नाय कळलं?"

साहेबांनी आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाले, "आता कळवू. मृत्यूचा दाखला लावून अर्ज करायचा. वारस म्हणून सूनबाईंच्या नावानं नवी नोंद करायची. दुकानाला मुलाचं नाव राहू दे, त्याला कुणी हात लावत नाही. पण मालक म्हणून यांचं नाव."

"मग त्याला परत बोलावणार नाय?"

"नाही."

"तुमी सांगता म्हणून मी धरून चालते हां."

मी आजींजवळ बसले होते. त्यांनी माझा हात कधी धरला, ते मला कळलं नाही. जबाब लिहून झाल्यावर तो वाचून दाखवला. त्यांनी अंगठा दिला. सोबत हजर असलेली महिला म्हणून मी सही केली.

चोरी झालीच नव्हती, म्हणून गैरसमजातून दिलेली तक्रार असा अहवाल वर गेला. दिवाणजीला साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं. ताईही आली होती. दोघं ठाण्याच्या व्हरांड्यात समोरासमोर उभी.

"भाऊ, चुकलं माझं."

"माझं पण तोंड सुटलं होतं," दिवाणजी म्हणाला.

"कागद लावायला येता का? तारीख जवळ आलीय."

"येतो. पण पगाराचं बोलणं राहिलं होतं आपलं."

ताई रडत होती त्यातच हसली. हवालदार म्हणाले, "बघा साहेब, खरा हिशेबी माणूस!"

त्यांनी ते सगळे कागद व्हरांड्यातच चादरीवर पसरले, कारण आमच्याकडून ते मोजून ताब्यात घ्यायचे होते. एकेका कागदाला भज्यांचा वास येत होता. दिवाणजी एक कागद उचलून उजेडाला धरायचा, तेलातून अक्षर वाचायचा आणि योग्य गठ्ठ्यावर ठेवायचा. जे गेलं होतं, त्याच्या प्रती त्यानं सिमेंट पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांकडून आणि गाडीवाल्यांकडून मागवल्या. बँकेचा उतारा काढला. साहेबांनी झाला प्रकार लिहून त्याची नक्कल ताईला दिली. तारखेला ती आणि दिवाणजी दोघंही गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी जे होतं ते पाहिलं, उरलेल्यासाठी मुदत दिली आणि शेवटी जो फरक निघाला तो भरण्यासारखा होता. दुकान राहिलं.

पोलीस ज्याच्यावर संशय येतो, त्याला दहा वेळा विचारतात. ज्याच्यावर येत नाही, त्याला एकदाही विचारत नाहीत. साहेब नंतर हे स्वतःच म्हणायचे, नवीन शिपायांना सांगायचे. मी त्यातून माझ्यापुरतं आणखी एक घेतलं. धंद्याचे कागद नीट ठेवायचे ते फक्त करवाले साहेब मागतील म्हणून नव्हे. आपण नसू तेव्हा मागच्या माणसाला कळलं पाहिजे की काय कुठे आहे, कशासाठी आहे, आणि कुणाला काय कळवायचं आहे. कागद ठेवणं एक, आणि घरातल्यांना त्याचा अर्थ सांगणं दुसरं. दुसरं आपण कुणीच करत नाही. आता मी घरी मसाला करून विकते. मिरचीचं बिल, गिरणीची पावती, सगळं ठेवते, आणि सुनेला, नातीला बसवून दाखवते. त्या कंटाळतात. कंटाळू देत.

साहेबांची बदली झाली. त्यांचे आभार मला नीट मानता आले नाहीत, मी चहाचा कप ठेवताना ते फक्त "येतो" म्हणाले, तेव्हा मी "या" म्हटलं. म्हणून ते इथं लिहून ठेवते. ज्या माणसाला भंगारवाल्याचं न केलेलं वजन ऐकू आलं आणि म्हातारीसमोर जमिनीवर बसावंसं वाटलं, त्याच्या हाताखाली मी काम केलं. भजी खाताना कागद वाचणाऱ्या हवालदारांचेही माझ्यावर उपकार आहेत. ते नसते तर दिवाणजीची बायको त्या बाकावर अजून किती दिवस बसली असती, कोण जाणे.

मागच्या वर्षी पत्रे घ्यायला मी त्या दुकानात गेले. ताई गल्ल्यावर होती. तेवढ्यात पोस्टमन आला आणि त्यानं दारातून नाव पुकारलं. ताईचं नाव. मागच्या घरातून आजी काठी टेकत बाहेर आल्या, पोस्टमनच्या हातातलं पाकीट घेतलं आणि म्हणाल्या, "दे इकडं. आमच्या मालकीणबायचं हाय."